कातडी, जबडा आणि अंडं: पृष्ठवंशी प्राणी ओळखायचे कसे?

मंडळी, पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचे पाच गट आपण सगळ्यांनी शाळेत घोकलेत: मासे, उभयचर, सरपटणारे, पक्षी आणि सस्तन. त्यांची लक्षणंही पाठ असतात. मासा पाण्यात राहतो, पक्षी उडतो, सस्तन प्राणी पिल्लं देतो. माझं आज एवढंच मागणं आहे, की राहण्याची, हिंडण्याची आणि विण्याची ही लक्षणं तासभर बाजूला ठेवा. ती फार फसवतात. देवमासा जन्मभर पाण्यात असतो, पेंग्विन उडत नाही, घोणस पिल्लं देते, कित्येक शार्कही देतात, आणि प्लॅटिपस सस्तन असून अंडी घालतो. राहणी गरजेप्रमाणे बदलते. शरीराची घडण इतक्या सहजी बदलत नाही.

मोठमोठ्यांनाही यानं चकवलंय. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या कार्ल लिनियसनं १७५८ मध्ये आपल्या ग्रंथात देवमाशांना माशांमधून उचलून सस्तनांमध्ये बसवलं, ते अचूक. पण त्याच ग्रंथात शार्कना त्यानं बेडूक-सापांच्या पंगतीत नेऊन ठेवलं!

माशांचं लवकर उरकतो. कल्ले, पर आणि दोन कप्प्यांचं हृदय. हृदयातून निघालेलं रक्त आधी कल्ल्यांत जातं आणि तिथूनच परस्पर अंगभर फिरतं. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, आणि त्याच्या कल्ल्यांच्या फटी उघड्या दिसतात. हाडं असलेल्या माशांच्या कल्ल्यांवर झाकण असतं. लॅम्प्रे नावाच्या लांबुळक्या माशाला तर जबडाच नाही.

उभयचरांची खरी खूण म्हणजे ओली, ग्रंथींनी भरलेली कातडी. ती नुसतं आवरण नाही, श्वासाचं इंद्रिय आहे. सॅलॅमँडरांच्या एका मोठ्या कुळाला फुफ्फुसंच नाहीत, सगळा कारभार कातडीवर आणि तोंडातल्या अस्तरावर चालतो. देवगांडुळाला पाय नाहीत, दिसतं गांडुळासारखं, पण कणा आहे आणि कातडी बेडकाच्या जातीची. अशी कातडी उन्हात सुकते, आणि अंड्याला कवच नसल्यामुळे तेही सुकतं. म्हणून या मंडळींना ओल सोडून फार लांब जाता येत नाही.

ती अडचण सुटली अंड्यात. सरपटणाऱ्यांच्या अंड्यात गर्भाभोवती उल्ब नावाची पातळ पिशवी असते आणि तिच्यात द्रव भरलेला असतो. दुसऱ्या एका पिशवीत गर्भाची घाण साठते, आणि कवचालगतच्या पडद्यांतून हवेची देवाणघेवाण होते. थोडक्यात, प्रत्येक गर्भाला स्वतःचं तळं मिळालं. पक्ष्यांनी हीच व्यवस्था ठेवली, आणि आपणही. बाळंतपणात पाणमोट फुटते ना, ती पाणमोट म्हणजे हेच उल्ब. माझ्या मते पृष्ठवंशींच्या इतिहासात जबडा तयार होण्याच्या खालोखाल हीच मोठी घटना.

पक्षी ओळखायला पिसं पुरतात. आज जिवंत असलेल्या दुसऱ्या कुठल्याही प्राण्याला ती नाहीत. ‘आज जिवंत असलेल्या’ हे शब्द मुद्दाम घातलेत. १९९६ मध्ये चीनमध्ये अंगावर तंतूंसारखी लव असलेल्या डायनोसॉरचा जीवाश्म जाहीर झाला, त्यानंतर तसे पुष्कळ सापडले, आणि काहींवर तर खरीखुरी पिसं होती.

आता आपला वर्ग. केस आणि दूध या दोन खुणा नक्कीच पक्क्या. खवल्या मांजराच्या अंगभर खवले असले तरी पोटाकडे केस असतात. प्लॅटिपसला स्तनाग्रं नाहीत, दूध कातडीवर पाझरतं, पण दूध आहे. अडचण एकच: केस आणि दूध दगडात क्वचितच टिकतात. मग लाखो वर्षांपूर्वीचं हाड हाती आल्यावर सस्तन कसा ओळखायचा?

तर जबडा बघायचा. सरपटणाऱ्यांचा खालचा जबडा अनेक हाडांचा असतो, सस्तनांचा प्रत्येक बाजूला एकाच हाडाचा. मग बाकीची हाडं गेली कुठं? त्यातली काही कानात गेली! सरपटणाऱ्यांच्या मधल्या कानात एकच हाड असतं, आपल्या कानात तीन: हातोडी, ऐरण आणि रिकीब. यातली हातोडी आणि ऐरण म्हणजे जुन्या जबड्याच्या बिजागरीची दोन हाडं. १८३७ मध्ये कार्ल रायखर्ट यानं गर्भांचा अभ्यास करून हे दाखवलं. माणसाच्या गर्भातही हातोडी सुरुवातीला जबड्याच्या कूर्चेला जोडलेली असते. पुढे जीवाश्मांनी दुजोरा दिला. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या मॉर्गॅन्युकोडॉन या चिमुकल्या प्राण्याच्या जबड्याला जुनी आणि नवी, दोन्ही बिजागऱ्या शेजारी शेजारी आहेत. मला विचाराल तर याहून सुंदर पुरावा शोधूनही सापडणार नाही.

तुमच्या लक्षात आलं असेल, सरपटणाऱ्यांची खास खूण मी सांगितलीच नाही. कोरडी, खवल्यांची कातडी म्हणावी, तर तसेच खवले कोंबडीच्या पायावरही आहेत. तीन कप्प्यांचं हृदय म्हणावं, तर मगरीचं चार कप्प्यांचं. मगरीच्या फुफ्फुसात हवाही पक्ष्यांसारखी बरीचशी एकाच दिशेनं वाहते. मगरीचे आज हयात असलेले सगळ्यांत जवळचे नातलग पक्षी आहेत, पाली नव्हेत. उल्ब आहे, पण केसही नाहीत आणि पिसंही नाहीत, असे जे उरले त्यांना आपण एका गटात टाकलं, इतकंच. म्हणून अनेक अभ्यासक आता पक्ष्यांना सरपटणाऱ्यांच्याच वंशात मोजतात. माशांचंही तेच: फुफ्फुसमासा नात्यानं शार्कपेक्षा आपल्याला जवळचा. त्यामुळे मासे हा एकच वर्ग न मानता जबडा नसलेले, कूर्चेचे आणि हाडांचे असे त्यांचे निदान तीन भाग करावे लागतात.