डब्यावरचा गरुड: अस्सल की पुन्हा ओतलेला?

पायांत स्वस्तिक धरलेला हा धातूचा नाझी गरुड रणगाड्यावरचा नाही, रेल्वेच्या प्रवासी डब्यावरचा आहे. फेब्रुवारी 1937मध्ये हिटलरच्या सरकारने जर्मन रेल्वे थेट आपल्या ताब्यात घेतली. तिचं नाव झालं डॉइचे राईशबान. मग डब्यांच्या बाजूंवर आणि काही इंजिनांवर हे राजचिन्ह चढलं: अ‍ॅल्युमिनियमचं ओतकाम, पंखांचा पसारा साधारण 70 सेंटीमीटर, पायांत पानांचं कडं, कड्यात नाझी स्वस्तिक.

याच रेल्वेने ज्यूंना संहारछावण्यांकडे नेलं आणि त्याचं भाडंही लावलं. तिसऱ्या वर्गाचा दर, माणशी किलोमीटरला 4 फेनिग (मार्कचा शंभरावा भाग). दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट. 400 माणसं भरली की सगळ्यांना निम्मा दर. तेव्हा ही वस्तू अभ्यासाच्या कपाटातली, दिवाणखान्याच्या भिंतीवरची नव्हे.

बाजारात नकला भरपूर आहेत. गरुड हातात आला की आधी पालथा करा, कारण नकलाकार सगळी मेहनत दर्शनी बाजूवर घेतो. मूळ नग वाळूच्या साच्यातला असतो, त्यामुळे पाठीवर रेतीचे बारीक रवे उमटलेले दिसतात. बोल्टसाठीच्या उंचवट्यांमधले आटे वापरून झिजलेले असावेत. अनेक नगांच्या पाठीवर मिश्रधातूची खूण असते: गाल-एमजी-एसआय, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, सिलिकॉन. पण निव्वळ खुणेवर भरवसा ठेवू नका. अस्सल गरुडावरून साचा घेतला की खूणही त्यात जशीच्या तशी उतरते.

उतरत नाही ते माप. अ‍ॅल्युमिनियम थंड होताना सव्वा टक्क्याच्या आसपास आकसतं. 700 मिलिमीटरच्या गरुडावरून ओतलेली नक्कल साधारण 9 मिलिमीटर लहान निघते. म्हणून फोटो मागवताना शेजारी मोजपट्टी ठेवायला सांगा, आणि ते माप त्याच घडणीच्या खात्रीच्या नगाशी ताडून बघा. नकलेत पिसांच्या कडाही बोथट होतात आणि मुळातले ओरखडे ओतकामाचाच भाग होऊन बसतात: खोलगट, पण धार नसलेले. लोहचुंबक चिकटला तर विषय संपला. नाही चिकटला, तर मात्र काहीच सिद्ध होत नाही.

युद्धानंतर बऱ्याच गरुडांवरचं स्वस्तिक कानशीने किंवा छिन्नीने काढून टाकलं गेलं. असे नग स्वस्त मिळतात, आणि काही व्यापारी त्यांवर नवं स्वस्तिक वेल्डिंगने बसवून भाव वाढवतात. कड्याच्या आतली धातूची छटा वेगळी दिसली, तिथेच घासल्याच्या ताज्या रेघा असल्या, की नग परत करा. घासलेला गरुड तसाच ठेवला तर जास्त प्रामाणिक, असं आमचं मत.

इंजिनाच्या क्रमांकाच्या पाट्यांत आणखी एक फसगत होते. पूर्व जर्मनीच्या रेल्वेने राईशबान हेच नाव 1993च्या अखेरपर्यंत चालवलं. 'डीआर' (डॉइचे राईशबानची आद्याक्षरं) म्हणजे युद्धकाळ, असं मुळीच नाही. क्रमांकाच्या शेवटी आडवी रेघ आणि एक सुटा अंक असेल, तर ती पाटी संगणकी क्रमांकांच्या काळातली: पश्चिमेत 1968पासूनची, पूर्वेत 1970पासूनची.

जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी: घरात असा नग बाळगणं गुन्हा नाही. तो सार्वजनिक ठिकाणी मांडणं, किंवा स्वस्तिक न झाकता त्याचा फोटो विक्रीसाठी टाकणं, जर्मन दंडसंहितेच्या कलम 86अ खाली अंगाशी येऊ शकतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. संशोधन, अध्यापन आणि इतिहासकथनाला त्यात सूट आहे.

आता सफाई. कॉस्टिक सोडा, चिंच, व्हिनेगर, पितळ चकचकीत करायची पावडर, सगळं दूर ठेवा. कॉस्टिक तर अ‍ॅल्युमिनियम खातोच. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबण, मऊ ब्रश, लगेच कोरडं करणं, एवढं पुरे. पोलादी बोल्ट अडकला असेल तर त्याभोवती पांढरी भुकटी धरलेली असते: दोन धातू आणि ओल एकत्र आली की अ‍ॅल्युमिनियम झिजतं आणि फुगतं. तिथे हातोडी मारली तर पंखाला तडा जातो. भेदक तेल (अडकलेल्या आट्यांत झिरपणारं) सोडून रात्रभर थांबा. तरीही हलला नाही, तर बोल्ट ड्रिलने पोखरून काढा. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या.