आधी पावसात घर बघा

मंडळी, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि कोकणात दापोली-मंडणगडात जुन्या घरांची कौलं पाचोळ्यासारखी उडाली. त्यानंतर दुरुस्तीची जी घाई झाली, तिच्यात वादळानं राखलेलंही बरंच गेलं. माळे उतरवले, स्लॅब पडले, जांभ्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढला. मला सगळ्यात जास्त टोचतो तो हा गिलावा.

चिरा, म्हणजे जांभ्याचा दगड, खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वारं-ऊन लागून घट्ट होतो. पण त्याची छिद्रं तशीच राहतात. पावसाळ्यात तो ओल धरतो, पाऊस सरला की सोडतो. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल बाहेर पडायची. सिमेंट तिची वाट अडवतं. जोत्यातून ओल वर चढायची थांबत नाही, मग ती आतून फुटते. रंगाचे पोपडे सुटतात, भिंतीला पांढरा खार येतो, भिंतीत बसवलेल्या तुळयांची टोकं कुजायला लागतात. आणि घरात एखादा म्हणतोच, "जुनं झालंय, पाडून टाकू." माझं कळकळीचं सांगणं आहे, पाडण्याआधी तेवढा गिलावा खरवडून एक उन्हाळा भिंत उघडी ठेवून बघा.

छपराचंही तसंच. पुढे आलेली वळचण पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून लांब टाकते. सोपा, म्हणजे पुढची ओसरी, काढून खोली वाढवली, वळचण छाटली, की पाऊस थेट चिऱ्यावर. वाऱ्याची भीती खरी आहे, मी ती नाकारत नाही. त्यासाठी कडेच्या आणि आढ्यावरच्या कौलांना तार बांधा, वासे भिंतीवरच्या तुळईला लोखंडी पट्ट्यांनी जखडा. खांबाचा पाय वाळवीनं खाल्ला असेल तर तेवढाच कापून नवं लाकूड जोडता येतं, खाली दगडी तळखडा मात्र हवा. त्यासाठी अख्खा खांब, तोही फणसाचा, फेकू नका.

बदल नकोच, असं मी म्हणत नाही. ज्या मंगलोरी कौलाला आपण परंपरा म्हणतो, त्याचा पहिला कारखाना बाझेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेनं १८६५ मध्ये मंगळूरला काढला. त्याआधी आपल्याकडे कुंभाराचे नळे, म्हणजे अर्धगोल कौलं होती. आजोबा-पणजोबांनी नवं कौल बघितलं, पटलं, घेतलं. तुम्हीही गॅसचा ओटा, चांगला उजेड, म्हाताऱ्यांना रात्री अंगणात जावं लागणार नाही असा संडास, सगळं करा. फक्त संडास-न्हाणी माजघराच्या भिंतीला चिकटवू नका; मागच्या पडवीला, स्वतःच्या जोत्यावर घ्या. नळाची गळती चिऱ्यात मुरली तर वर्षभर दिसत नाही. वायरिंगसाठी भिंत फोडू नका, पट्टीतून वरून न्या.

सामाईक घर असेल तर खर्चाची बोलणी गणपतीत, सगळे जमतात तेव्हाच उरका. तेव्हा पाऊसही असतो. कुठे गळतं, कुठे पाणी साचतं, ते सगळ्यांनी मिळून खडूनं खुणा करून ठेवा. दिवाळीनंतर काम काढा. चुना भिजवून मुरवावा लागतो, लावल्यावर दिवसचे दिवस ओला ठेवावा लागतो. मे महिन्यात गवंडी बोलावलात तर तो सिमेंटच लावणार, कारण त्याच्याकडे वेळच उरलेला नसतो.