स्टीलची गाडी आणि लाल बूट

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या नाटकमंडळींच्या बोलण्यात 'प्रॉपर्टी' हा शब्द वेगळ्याच अर्थाने येतो. घर-जमीन नव्हे, तर नाटकात लागणारा तांब्या, पत्र, तलवार, मुकुट हे सगळं सामान म्हणजे प्रॉपर्टी. लहानपणी गावच्या जत्रेतलं नाटक संपल्यावर मी रंगमंचामागे गेलो होतो. राजाचा मुकुट ट्रंकेवर उपडा पडला होता. बाहेरून बेगडाचा लखलखाट, आणि आतून खळीने चिकटवलेलं वर्तमानपत्र. त्यातली बातमीसुद्धा वाचता येत होती. त्या दिवसापासून तो मुकुट मला जास्तच आवडू लागला.

लेकीकडे अमेरिकेला गेलो तेव्हा तीच ओढ मला लॉस एंजेलिसच्या पीटरसन ऑटोमोटिव्ह म्युझियममध्ये घेऊन गेली. तिथे 1985 सालच्या 'बॅक टू द फ्युचर' या चित्रपटातली डेलोरियन गाडी आहे. काळात मागेपुढे नेणारी तीच गाडी. पहिल्या चित्रपटासाठी अशा तीन गाड्या वापरल्या होत्या. जवळून दाखवायची, सगळी कलाकुसर असलेली जी मुख्य गाडी होती, ती ही.

तिचा पत्रा रंगवलेला नाही. नुसतं स्टेनलेस स्टील, नारळाच्या काथ्याने घासून ठेवलेल्या पातेल्यासारखं. दारं पंखांसारखी वर उघडतात. मागच्या बाजूला झोत सोडणारी मोठाली नळकांडी, नळ्या आणि वायरींची जुडगीच्या जुडगी. मी बराच वेळ त्या वायरींकडेच बघत राहिलो. पडद्यावर त्यातून जणू वीज धावते. इथे दिसतं की कुणीतरी बसून एकेक वायर वळवली आहे, बांधली आहे.

या गाडीमागची हकीकतही तशीच लोभस. कथेच्या सुरुवातीच्या खर्ड्यांत काळयंत्र म्हणून गाडी नव्हतीच, होता एक फ्रिज! मुलं नक्कल करायला जाऊन घरच्या फ्रिजमध्ये कोंडून घेतील या काळजीने तो बेत सोडला. बरं झालं. चित्रपटात ही गाडी ताशी 88 मैलांचा वेग गाठते तेव्हा काळ ओलांडते. पण कारखान्यातून आलेल्या गाडीच्या वेगाच्या काट्याला आकडे 85 पर्यंतच होते, म्हणून तो बदलावा लागला. आणि चित्रपटाच्या शेवटी कचऱ्यावर चालणारं जे यंत्र तिच्यावर बसवलेलं दिसतं, ते घडवलं होतं स्वयंपाकघरातल्या कॉफी दळायच्या यंत्रापासून. आमच्या मुकुटातल्या वर्तमानपत्राचीच ही भावंडं.

चित्रीकरण संपल्यावर ही गाडी वर्षानुवर्षं उघड्यावर राहिली. ऊनपाऊस खाल्ला, हौशी लोकांनी तिचे सुटे भाग आठवण म्हणून काढून नेले. 2011 साली तिच्या चाहत्यांनीच दुरुस्ती हाती घेतली. मूळ गाडीवर जो भाग होता, नेमका तसाच जुन्या बाजारातून शोधायचा, हा त्यांचा हट्ट. वर्षभर खपून त्यांनी ती उभी केली. अशी माणसं मला फार मोठी वाटतात.

त्या गाडीपुढे उभं असताना मला पुणं आठवलं, हे सांगायलाच हवं. प्रभात फिल्म कंपनी 1929 साली कोल्हापुरात सुरू झाली, 1933 साली पुण्यात आली. आज त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आहे आणि तिथे प्रभातचं छोटं संग्रहालयही आहे. लॉस एंजेलिसला जाऊन आलेली कितीतरी मराठी माणसं मला भेटतात. त्यांतल्या फार थोड्यांनी हे पुण्यातलं संग्रहालय पाहिलेलं असतं, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुढे वॉशिंग्टनला गेलो. तिथल्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात मंद उजेडात, काचेआड, 1939 सालच्या 'द विझर्ड ऑफ ऑझ'मधले लाल बूट आहेत. जूडी गार्लंड या अभिनेत्रीने घातलेले. बूट म्हणजे साधी पंपशूच, वर टिकल्या टाचलेल्या. त्या टिकल्या जिलेटिनच्या, म्हणजे जवळपास आपल्या सरसाच्याच जातीच्या. ओल चालत नाही, प्रकाशाने रंग उडतो. काही महिन्यांच्या चित्रीकरणापुरती केलेली वस्तू. ती ऐंशी वर्षं टिकेल असं करणाऱ्याच्या मनातही नसेल. जवळून पाहिलं तर लाल रंग बराच काळपट दिसतो. टेक्निकलर या त्या काळच्या रंगीत चित्रीकरणाच्या तंत्राच्या कॅमेऱ्यात भडक लाल उमटावा म्हणून मुद्दाम तसा घेतलेला. आणि तळव्याला फेल्ट, म्हणजे नमद्यासारखं कापड, चिकटवलेलं, नाचताना टापटाप ऐकू येऊ नये म्हणून.

2016 मध्ये या बुटांच्या जतनासाठी संग्रहालयाने लोकांकडे हात पसरला. हजारो लोकांनी वर्गणी दिली आणि आठवड्याभरात 3 लाख डॉलर जमले. मग तज्ज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक टिकली पुसून घेतली, उलटलेली टिकली सरळ केली. हे काम करणाऱ्यांच्या बोटांचा मला हेवा वाटतो.

अशा बुटांचे आणखीही जोड आहेत. त्यांतला एक 2005 साली मिनेसोटा राज्यातल्या एका संग्रहालयातून चोरीला गेला. चोराला वाटलं होतं, वरचे खडे खरे माणिक आहेत. ती तर काच! तेरा वर्षांनी, 2018 मध्ये, पोलीस तपासात ते सापडले. खरेखोटे पाहण्यासाठी तपासयंत्रणेने ते वॉशिंग्टनच्या याच संग्रहालयात आणले, तेव्हा एक नवल कळलं. संग्रहालयातल्या जोडातला डावा आणि उजवा बूट एकमेकांचे नव्हतेच. त्यांचे खरे जोडीदार चोरीला गेलेल्या जोडात होते. कधीकाळी, कपडेपटातल्या घाईत म्हणा की आणखी कुठे, अदलाबदल झाली असावी.

तपासणीपुरते ते चारही बूट एका प्रयोगशाळेत आले. मग चोरीचा जोड परत गेला, आणि 2024 च्या डिसेंबरात लिलावात त्याला 2 कोटी 80 लाख डॉलरची बोली लागली. वॉशिंग्टनमधला जोड तसाच आहे, एक बूट या जोडीतला, एक त्या जोडीतला. मी काचेला नाक लावून दोन्हींवरच्या बो, म्हणजे फितीच्या गाठी, ताडून पाहत होतो. पहारेकरी बाई हसून म्हणाल्या, सगळे हेच करतात.

नमस्कार.