आभाळातून पडलेली धाव

(दृश्य: धान कापून झालेल्या रिकाम्या बांध्या. दूर मोहाचं झाड, त्याखाली झाडून स्वच्छ केलेली जमीन.)

२ एप्रिल २०२२. शनिवार होता, गुढीपाडवा.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या सिंदेवाही तालुक्यात एप्रिल म्हणजे मोहफुलांचे दिवस. पहाटे अंधारात टोपल्या घेऊन निघायचं, म्हणून रात्रीची जेवणं लवकर उरकतात. त्या दिवशी गुढी उतरवून झाली होती. पाडव्याची चंद्रकोर दिसली न दिसली, तोच बुडाली. आभाळ काळंभोर. पावणेआठच्या सुमाराला अंगणातून कोणीतरी ओरडलं आणि आम्ही ताटावरून उठून बाहेर आलो.

पश्चिमेकडून उजेड येत होता. एकच नाही, अख्खी रांग. पुढे मोठे गोळे, मागे लहान, प्रत्येकामागे शेपूट. सावकाश, आवाज न करता ती रांग डोक्यावरून निघाली. जळगावकडे, मध्य प्रदेशात, गुजरातेत लोकांनी मोबाइलवर तेच टिपलं. रात्रभर व्हॉट्सअ‍ॅपवर एकच शब्द फिरत होता: उल्का.

माझी आजी मात्र पदर डोक्यावर घेऊन वर बघत म्हणाली, "बाबू, स्कायलॅब होय का गा थे?"

स्कायलॅब म्हणजे १९७९ मध्ये पृथ्वीवर कोसळलेलं अमेरिकेचं अवकाश स्थानक. आम्ही हसलो. पण त्या रात्री आमच्या गावात बरोबर उत्तराच्या सगळ्यात जवळ तीच होती.

(दृश्य: मोबाइलवर टिपलेली प्रकाशाची रांग.)

उल्का एवढी सावकाश येत नाही. ती पृथ्वीच्या हवेत सेकंदाला ११ किलोमीटरांहून जास्त वेगानं घुसते आणि पातं लवेपर्यंत संपते. ही रांग बघताना घरात जाऊन फोन आणायला, कॅमेरा सुरू करायला आणि शेजाऱ्याला हाक मारायला वेळ मिळाला. एवढ्यावरूनच कळतं की ही वस्तू बाहेरून आलेली नव्हती. ती पृथ्वीभोवतीच फिरत होती आणि आता तिची फेरी संपली होती.

लाडबोरी गावात मोकळ्या जागेत धातूची एक कडी पडली. व्यास सुमारे ३ मीटर, वजन ४० किलोंच्या वर, म्हणजे सिमेंटच्या पोत्याच्या आसपास. पवनपार भागात हंड्याएवढा एक गोळा सापडला, अर्धा मीटर व्यासाचा. माणूस की जनावर, कोणाला खरचटलंही नाही. पोलीस आले, वस्तू सिंदेवाहीच्या ठाण्यात गेल्या. पुढे इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन बघून गेले. मधल्या काळात तालुक्यात जेवढी तोंडं तेवढ्या कथा झाल्या. त्यांतल्या काही फार चांगल्या होत्या, पण इथे वेळ नाही.

तेव्हा हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्रात असलेले जोनाथन मॅकडॉवेल अवकाशात काय फिरतंय आणि काय खाली येतंय याची बारीक नोंद ठेवतात. ती प्रकाशाची रांग म्हणजे चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा, म्हणजे इंजिन आणि टाक्यांचा सगळ्यात वरचा भाग असावा, असं त्यांनी लगेच सांगितलं. ते रॉकेट फेब्रुवारी २०२१ मध्ये सिचुआन प्रांतातल्या शिचांग तळावरून उडालं होतं. त्या टप्प्याचा व्यास ३ मीटर. लाडबोरीच्या कडीचाही तेवढाच.

(दृश्य: बैलगाडीचं जुनं चाक. हात चाकाच्या लोखंडी धावेवरून फिरतो.)

या कडीकडे बघून आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना आठवली ती चाकाची धाव. लाकडी चाकाला लोहार लोखंडाचा वेढा बसवतो. तापवून बसवतो, पाणी ओततो, वेढा आवळतो आणि चाक उकलत नाही. रॉकेटच्या टाकीचा पत्रा तिच्या आकाराच्या मानानं फार पातळ असतो. नुसती टाकी उभी केली आणि वर उपग्रहाचा भार ठेवला, तर ती रिकाम्या डब्यासारखी चेपेल. म्हणून जागोजागी, आणि जिथे एक भाग दुसऱ्याला जोडला जातो तिथे, असे जाड वेढे घालतात. रॉकेटचं बळ त्या वेढ्यांत असतं.

आणि गोळे? तिसऱ्या टप्प्यात द्रवरूप हायड्रोजन आणि द्रवरूप ऑक्सिजन भरलेला असतो. हायड्रोजन उणे २५३ अंशांवर उकळतो, ऑक्सिजन उणे १८३ वर. इंजिन हे इंधन ओढत जातं तशी टाकी रिकामी होते. आतला दाब पडला तर टाकीही चेपेल आणि पंपाला नीट खुराकही मिळणार नाही. म्हणून हेलियम वायू हवेच्या शेकडो पट दाबानं बाटल्यांत कोंबून नेतात. एवढा दाब सोसायला गोलासारखा आकार नाही. ताण सगळीकडे सारखा वाटला जातो, कोपरा नाही की कच्ची जागा नाही. आतलं भांडं पातळ ठेवायचं आणि वरून कार्बनचा धागा घट्ट गुंडाळायचा, भोवऱ्याला दोरी गुंडाळतात तसा, फक्त एकही जागा उघडी न सोडता. वजन कमी, ताकद भरपूर.

वजन हा शब्द या सगळ्या गोष्टीत पुन्हा पुन्हा येणार आहे.

(दृश्य: मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव. एक पोरगा पाण्यावर चपटी खापरी फेकतो.)

पृथ्वीभोवती फिरत राहणं म्हणजे उंच जाणं नव्हे. उंच गेलेली वस्तू खाली येतेच. तिला आडवा वेग हवा, एवढा की ती पडत राहील आणि जमीन तिच्याखालून वळत राहील. शे-दोनशे किलोमीटर उंचीवर हा वेग सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर लागतो. गोफण फिरवून धोंडा सोडणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. वर फेकलेला धोंडा पायाशी पडतो, आडवा सोडलेला पाखरांपर्यंत पोचतो.

आपला टप्पा साध्या गोल कक्षेत नव्हता. ३६ हजार किलोमीटर उंचीवर जायच्या उपग्रहांना रॉकेट एका लांबट कक्षेत सोडतं. तिचं एक टोक तिथे वर, दुसरं जमिनीपासून दोनेकशे किलोमीटरवर. उपग्रह स्वतःच्या इंजिनानं पुढे निघून जातो. रिकामा टप्पा मागे राहतो आणि साधारण साडेदहा तासांनी एकदा खाली येऊन जातो. दोनशे किलोमीटरवर हवा नाहीच म्हणायची, पण अगदीच नाही असंही नाही. या तलावात खापरी सोडली की ती पाण्याला टेकते, उडते, पुन्हा टेकते आणि प्रत्येक टेकणीला थोडी मंदावते. टप्प्याचंही तसंच. प्रत्येक खालच्या फेरीत हवेनं थोडा वेग खाल्ला, वरचं टोक थोडं खाली आलं, फेरा आखूड झाला. यात चंद्र-सूर्यही आपापल्या बाजूला ओढतात, ते वेगळंच. हे चौदा महिने चाललं.

मग तो कुठे पडणार हे आधी का नाही सांगता आलं? सूर्य तापला की वरची हवा फुगते, शांत झाला की आकसते. त्यात हा टप्पा कोलांट्या खात येतो. कधी आडवा होऊन जास्त हवा अडवतो, कधी टोक पुढे करून निसटतो. अंदाज एका मिनिटानं जरी चुकला, तरी जागा साडेचारशे किलोमीटरनं हलते. नागपूरवर येणारं हैदराबादच्या पलीकडे गेलं, एवढा फरक. पाडव्याच्या रात्री मिनिटभर मागेपुढे झालं असतं तर ही फिल्म दुसऱ्याच कोणीतरी केली असती.

(दृश्य: चुलीत पेटलेली लाकडं.)

७.८ किलोमीटरच्या वेगानं जाणाऱ्या एक किलो धातूत सुमारे तीन कोटी ज्यूल ऊर्जा असते. दोन किलो वाळली लाकडं पूर्ण जाळली तर साधारण तेवढी आग मिळेल. हा टप्पा रिकामा असतानाही अडीच-तीन टनांचा. एवढी सगळी आग काही मिनिटांत बाहेर पडायची. घासून तापतो असं आपण म्हणतो, पण मुख्य कारण वेगळं आहे. समोरच्या हवेला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. ती दाबली जाते आणि दाबून तापते. सायकलच्या पंपाचं बूड हवा भरताना हाताला चटका देतं, तेच कारण.

साधारण ऐंशी किलोमीटरवर अशा वस्तू फुटतात. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, ते आधी जातं. आम्ही पाहिलेली रांग म्हणजे बहुतेक तीच फूट होती. टायटॅनियमला सोळाशेच्या वर अंश लागतात. कार्बनचा धागा तर वितळत नाही, वरचा थर जळून कोळसा होतो आणि आतल्याला झाकतो. कडीसारखी मोठ्या घेराची पण हलकी वस्तू विरळ हवेतच लवकर मंदावते, त्यामुळे पुरती तापायच्या आधीच तिचा वेग उतरतो. हलकं आणि मजबूत, या दोन गुणांसाठी जे जे निवडलेलं असतं, नेमकं तेच जमिनीपर्यंत पोचतं. मोठ्या टप्प्याच्या वजनाचा दहा ते चाळीस टक्के भाग खाली येऊ शकतो, असा जाणकारांचा सर्वसाधारण हिशोब आहे.

(दृश्य: भंगाराचा काटा.)

या कडीचा भंगारात काय भाव आला असता, ही चर्चा आमच्या पारावर महिनाभर चालली. पण १९६७ चा अवकाश करार सांगतो की आभाळात पाठवलेली वस्तू खाली पडली तरी मालकी पाठवणाऱ्या देशाचीच. आणि १९७२ च्या करारानुसार जमिनीवर नुकसान झालं तर चूक कोणाची हे न बघता भरपाईही त्याच देशानं द्यायची. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा कॉसमॉस ९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडात पडला, तेव्हा तीस लाख कॅनेडियन डॉलर द्यावे लागले. आजीची स्कायलॅब ११ जुलै १९७९ ला पडली, तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात विखुरले. तिथल्या एस्परन्स गावानं कचरा टाकल्याबद्दल अमेरिकेच्या नासाला ४०० डॉलरचा दंड लावला. मला तो दंड फार आवडतो.

चीनला नावं ठेवून मोकळं होता येत नाही. जुलै २०२३ मध्ये त्याच पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला एक मोठा नळकांड्यासारखा तुकडा लागला. तो आपल्या इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचा निघाला.

हे सगळे एवढे हुशार लोक, मग परतीचा हिशोब का नाही करत? वजन. टप्प्याला ठरवून समुद्रात उतरवायचं तर थोडं इंधन राखून ठेवावं लागतं, इंजिन पुन्हा पेटवता यावं लागतं. शेवटच्या टप्प्यावर राखलेला एक किलो म्हणजे उपग्रहातला एक किलो कमी. वर जाताना ग्रॅम ग्रॅम मोजणाऱ्यांनी खाली यायचं काम वर्षानुवर्षं हवेवर सोपवलं, कारण हवा फुकट होती. अलीकडे हे बदलतंय. मार्च २०२३ मध्ये इस्रोनं मेघा-ट्रॉपिक्स उपग्रह उरलेलं इंधन वापरून प्रशांत महासागरावर उतरवला, आणि तो अशा परतीसाठी बनवलेलाही नव्हता. जानेवारी २०२४ च्या पीएसएलव्ही-सी५८ चा शेवटचा टप्पा ६५० किलोमीटरवरून ३५० वर आणला, त्यावर प्रयोग केले आणि मार्चमध्ये तो प्रशांत महासागरावरच संपला.

(दृश्य: रात्र. अंगणात बाज. आभाळात एक ठिपका सरकतोय.)

या फिल्मच्या शेवटच्या रात्री आजी बाजेवर होती. पहाटे मोहाला जायचं होतं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावरून जात होतं. मी म्हटलं, आजी, त्यात माणसं आहेत.

"किती मोठा हाय गा?"

चारशे टनांच्या वर, मी म्हटलं.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग, "थे कवा पडन?"

म्हटलं, ते आपोआप पडू देणार नाहीत. त्याला खाली न्यायला खास एक यान बनवतायत. या दशकानंतर, दूर समुद्रात, जिथे कोणी राहत नाही तिथे.

"इकडं नोको पाडा म्हनाव त्याईले," आजी म्हणाली आणि कूस बदलून झोपली.