पाखरांची मूठ आणि अळीचा वाटा

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय 'जनुकीय अन्न आणि अध्यात्म'. एवढा जड विषय मी दिलेला नाही हो, मी फोनवर फक्त 'वांग्यावर बोलतो' म्हणालो होतो. (हशा)

तर वांगं. चातुर्मासात आपण खात नाही, मग चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून सुरू करतो. 2009 मध्ये बीटी वांग्याला केंद्राच्या समितीने हो म्हटलं तेव्हा आमच्या पारावर एकच प्रश्न, मातीतल्या बीटी नावाच्या जिवाणूचं, अळीला मारणारं जनुक घातलेलं वांगं खंडोबाला चालेल का? हसू नका, जयराम रमेश मंत्री होते, त्यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, एक आपल्या नागपुरात, आणि 9 फेब्रुवारी 2010 ला स्थगिती दिली. खंडोबाचं मत तेवढं राहिलं.

त्यावर येतोच, पण आधी आबांची गोष्ट. ज्यांनी ती ऐकलीय त्यांनी डुलकी घ्यायला हरकत नाही.

आमचे आबा जेवायला बसले की पहिला घास ताटाबाहेर. पेरणीच्या दिवशी मूठभर ज्वारी धुऱ्यावर टाकायचे, पाखरांची म्हणून. मी नुकताच बीएस्सी झालेलो, मला सगळंच येत होतं तेव्हा, म्हटलं आबा, पाखरं काय एका मुठीवर थांबणारेत का? तर म्हणाले, "नाही थांबत रे, पण येणार तर आहेतच ना, मग दिलेलं बरं." मला हे अडाणीपणाचं वाटलं. पुढे तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं.

2002 ला देशात बीटी कापूस आला, थोड्या वर्षांनी आम्हीही लावला. पाकिटात 450 ग्रॅम बीटी सरकी आणि सोबत 120 ग्रॅमची छोटी पुडी, साध्या कपाशीची, ती शेताच्या कडेने लावायची. दुकानदार म्हणाला, मास्तर, ती फेकली तरी चालते. मी फेकली! भावाला सांगितलं फेक, शेजाऱ्याला सांगितलं फेक, वर समजावूनही सांगितलं की अळी खाणार ती ओळ लावायचीच कशाला. विज्ञानाचा मास्तर बरं का.

आता ती पुडी काय होती? अळीचा वाटा. साध्या झाडांवर साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग होतात, बीटी पचवून उरलेल्या एखाद-दुसऱ्या पतंगाशी त्यांची जोडी जमते आणि तो बीटी पचवायचा गुण पुढच्या पिढीत पातळ होतो. वाटा काढला नाही की बीटीला न जुमानणारेच एकमेकांना भेटतात. 2017 ला विदर्भात बीटी कपाशीचंही गुलाबी बोंडअळीने काय केलं ते इथे कुणाला सांगायला नको, अर्धा हॉल कापूसवाल्यांचा आहे. एकट्या पुडीमुळे झालं असं नाही, कपाशी फेब्रुवारी-मार्चपर्यंत शेतात उभी ठेवायची हौसही होतीच आपल्याला. पण मला त्या वर्षी बोंड फोडताना आबांची मूठ आठवली, आणि लाज वाटली, खरं सांगतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली म्हणे. मूळ मुद्दा पटकन.

निसर्गावर ताबा नकोच असं मी म्हणत नाही, हापूसचं कलम, बिनबियांची द्राक्षं, हा ताबाच की, आणि आपण तो मिटक्या मारत खातो. जनुक इकडचं तिकडे गेलं म्हणून अन्न बाटलं असंही मला वाटत नाही, तोच बीटी जिवाणू सेंद्रियवाले फवारतात. माझी अडचण ताटाची आहे. पंचमहायज्ञात भूतयज्ञ सांगितलाय तो बाकीच्या जिवांचा हिस्सा, आणि शास्त्रज्ञांनी तोच हिशेब मांडून 120 ग्रॅम पुडीत बांधून दिला होता, तो आपण फेकला, कारण सगळं ताट आपलंच पाहिजे होतं. बियाण्याच्या मालकीचं राहिलंच, ते पुढच्या वर्षी, बोलावलंत तर.

हां, खंडोबा. बांगलादेशात 2013 ला बीटी वांग्याला परवानगी मिळाली, तिथे शेतकरी ते पिकवतात. आपल्याकडे आलंच, तर मी आधी शेताची कड बघेन. साध्या वांग्याच्या दोन ओळी अळीसाठी सोडलेल्या दिसल्या तर भरीत करून दाखवेन नैवेद्य. नाहीतर त्या वर्षी देवाला नुसता रोडगा.