पिक्चर स्मॉकिंग: क्रिकेटचा बॉल गोल का येत नाही?

नमस्कार मंडळी! पिक्चर स्मॉकिंग म्हणजे कापडाला बारीक चुण्या घालून त्यांवर टाक्यांनी चित्र भरायचं. झबल्यावर बदकं झाली, फ्रॉकवर फुलं झाली, आता सगळ्यांना मुलग्यांच्या कपड्यांवर क्रिकेट हवंय. निळा रोम्पर, छातीवर पांढरी पट्टी, तिच्यावर बॅट, बॉल, तीन स्टंप्स. आणि कमेंट्समध्ये एकच रडगाणं: बॉल गोल होत नाही, आणि भरलेल्या लाल रंगातून मधेमधे पांढरं कापड डोकावतं. आज याच्यावरच बोलू.

तयारीचं भराभर सांगते. कापड हवं त्या रुंदीच्या तिप्पट. सात इंची पट्टी हवी तर 21 इंच, शिलाईसकट 22. कॉटन पॉपलीन किंवा कॅम्ब्रिक घ्या, मुंबईत मंगलदास मार्केटला मिळेल, हिंदमातालाही मिळेल; पावसाळ्यात हिंदमाताला जायचं तर पाणी भरायच्या आत जाऊन या. उलट्या बाजूला ठिपके: शेजारच्या दोन ठिपक्यांत 6 मिलिमीटर, दोन ओळींत 1 सेंटिमीटर. आठ ओळी पुरतात. वरची आणि खालची शिलाईसाठी, मधल्या सहा चित्रासाठी. प्रत्येक ओळीला वेगळा धावदोरा, ठिपक्यावर सुईने अगदी थोडं कापड उचलायचं. दोरा फिकट रंगाचा, कारण गडद दोऱ्याची लव पांढऱ्या कापडात अडकून राहते. पाण्याने जाणारं पेन वापरलं असेल तर धुवायच्या आधी इस्त्री नको, शाई पक्की बसते.

दोरे खेचून चुण्या करा, पण आवळून टाकू नका. दोन चुण्यांमधून सुई आरामात गेली पाहिजे.

भरतकामाचा सहापदरी दोरा. साध्या स्मॉकिंगला 3 पदर चालतात, चित्राला 4 घ्या. पदर एकेक करून सुटे करायचे आणि परत जुळवायचे. लडीतून चारही एकदम ओढले तर पीळ राहतो आणि टाका बारीक पडतो. लाल रंगाचं आधी बघून घ्या: ओला पदर पांढऱ्या चिंधीवर ठेवून इस्त्री फिरवा, रंग उतरला तर ती लडी बाजूला. पावसाळ्यात कपडा दोन-दोन दिवस दमट राहतो, तेव्हा असा रंग हमखास पसरतो.

आता मुख्य गोष्ट. [जवळून दाखवा: केबल टाक्याची एक ओळ]

केबल टाका दोन चुण्यांवर बसतो. ओळ डावीकडून उजवीकडे जाते, सुई मात्र उजवीकडून डावीकडे आडवी, चुणीच्या वरच्या एक तृतीयांश भागातून. दोरा सुईच्या वर ठेवला की वरचा टाका, खाली ठेवला की खालचा. वर, खाली, वर, खाली. म्हणजे ओळ सरळ दिसली तरी ती नागमोडी असते. चित्र भरताना अशा ओळी एकमेकींना चिकटवायच्या असतात, आणि नियम एकच: शेजारच्या ओळीत वरच्या टाक्याला लागून वरचा, खालच्याला लागून खालचा. त्याच दोन चुण्यांवर, तसाच टाका.

नालीदार पत्रे एकावर एक रचले की घट्ट बसतात. एक पत्रा अर्ध्या नालीने सरकवा, लगेच फटी पडतात. तुम्हाला जे पांढरं दिसतंय ते हेच. टाके मोजून बरोबर असतात, दोराही पुरेसा असतो, फक्त ओळ उलटी सुरू झालेली असते. त्यावर उपाय म्हणून 5 पदर घेऊ नका, काही जणी घेतात. फट बुजत नाही, उलट कापड फुगतं.

हेच आता आकड्यात. बॉलची सगळ्यात रुंद ओळ 11 टाक्यांची, म्हणजे 12 चुण्या. ती आधी करायची, धावदोऱ्याच्या रेषेवर, म्हणजे सरळ राहते. सुरुवात वरच्या टाक्याने. 11 हा विषम आकडा, म्हणून शेवटही वरच्यानेच. अशा पाच ओळी 11च्या. मग दोन्ही टोकांना एकेक टाका कमी: 9, 7, 5. नऊची ओळ एक टाका आत सरकून सुरू होते, म्हणून तिचा पहिला टाका खालचा. सातचा वरचा. पाचचा खालचा. प्रत्येक टोकाला एकाने कमी केलं की सुरुवात बदलते, दोनाने कमी केलं तर तीच राहते. वरच्या अर्ध्यातही हाच हिशोब.

आणि आता जिथे सगळ्याजणी अडकतात ते. ओळ संपली की दोरा तोडत नाही आपण. शेवटच्या दोन चुण्यांच्या मधून सुई मागे, एका ओळीइतकी पुढे सरकवायची, अख्खं काम फिरवून उलटं धरायचं, आणि दुसऱ्या चुणीच्या डावीकडून वर काढायची. ओळ तेवढीच ठेवायची असेल तर पहिल्या चुणीच्या डावीकडून. काम उलटं झालं, म्हणजे मगाशी जो वरचा टाका होता तो आता खालचा दिसतो! वहीत “नऊची ओळ, सुरुवात खालून” असं लिहिलं असेल तर उलट्या धरलेल्या कामात ती वरून सुरू करावी लागते. म्हणून फिरवल्यावर वहीकडे बघू नका. शेजारच्या ओळीत त्याच चुण्यांवर डोळ्यांना काय दिसतंय ते बघा, वर तर वर, खाली तर खाली. पहिला टाका बरोबर पडला की पुढचे आपोआप जुळतात.

कमेंट्समध्ये क्रॉस स्टिचचे नमुने पाठवून “हे चालेल का ताई?” असं दर आठवड्याला येतं. नाही चालणार. तिथे चौकोनाखाली चौकोन असतो, प्रत्येक घर सुटं. इथे एक टाका वर आणि शेजारचा खाली. शिवाय टाक्याची रुंदी आणि उंची सारखी नसते, म्हणून तिथला गोल बॉल इथे अंडं होतो. चिंधीवर 11 टाक्यांच्या पाच ओळी भरा आणि पट्टीने मोजा. रुंदी साधारण 22 मिलिमीटर येईल. उंचीही तेवढीच व्हायला किती ओळी लागतात ते काढा. कमी पडत असतील तर 11च्या ओळी वाढवा, तिरक्या कडांना हात लावू नका. बॉलवरची शिवण सगळ्यात शेवटी, पांढऱ्या दोन पदरांनी वरून.

स्टंप्स सोपे. एकेक टाका एकाखाली एक, सगळे वरचे. प्रत्येक स्टंपला दोन चुण्या, मधे दोन मोकळ्या, एकूण 10. बेल्स म्हणून वर 9 टाक्यांची ओळ, सुरुवात वरच्याने, म्हणजे तिन्ही स्टंपवर चपखल बसते.

“धुतल्यावर चित्राच्या बाजूचं कापड पसरलं” म्हणणाऱ्यांनी मागून टाके घातलेले नसतात. मोकळ्या जागी चुण्यांना धरायला पुढे काहीच नाही, धावदोरा काढला की त्या सुटणारच. चित्र सुरू करायच्या आधी उलट्या बाजूने, कापडाच्याच रंगाच्या एका पदराने, प्रत्येक धावदोऱ्यावर सैल केबलची ओळ मारा. सुई चुणीच्या टोकातूनच, पुढे दिसता कामा नये. हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळता येत नाही.

अजून एक. भरलेलं चित्र ताणलं जात नाही. गळा डोक्यातून ओढून घालायचा असेल तर हे काम तिथे नको. छातीवर पट्टी, कडेने पायपिंग, आणि उघडायला खांद्यावर किंवा पाठीवर बटणं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत लहान मुलग्यांच्या रोम्परवर हे काम फार चालतं, तिथेही साधारण अशीच पट्टी असते.

पूर्ण झालं की पट्टी मापात पिनांनी ताणून लावा, वाफेची इस्त्री बोटभर वर धरा, टेकवू नका, टाके चपटे होतात. गार होऊन सुकू द्या. मग मधले धावदोरे काढा. वरचा आणि खालचा मात्र पायपिंग शिवून होईपर्यंत ठेवायचा.

आणि डावखुऱ्यांचा प्रश्न राहिला होता. ओळ उजवीकडून डावीकडे करा, सुई डावीकडून उजवीकडे. वर-खालचा नियम अजिबात बदलत नाही. फिरवल्यावर सुई काढताना फक्त डावीकडच्या जागी उजवीकडे म्हणा.