लेथ गप्प आहे की घुमतोय?

मघाशी चहाच्या वेळी दोघातिघांनी मला लेथबद्दल, म्हणजे ठोकळा फिरवून लाकूड गोल कातायच्या यंत्राबद्दल, एकच प्रश्न विचारला, “लाकडाचा लेथ सुरूच होत नाही, मोटर जळली असेल का हो?” असेलही. पण जळलेल्या मोटरचा वास लपत नाही. जाळीजवळ नाक नेलं की करपलेलं वॉर्निश लगेच कळतं. तो वास नसेल तर मोटर उतरवून वाइंडरकडे, म्हणजे मोटर नव्याने गुंडाळून देणाऱ्याकडे, न्यायची घाई करू नका. बहुतेक वेळा दोष मोटरच्या वाइंडिंगमध्ये, म्हणजे आतल्या तारांच्या गुंडाळीत, नसतोच. तो अलीकडे असतो, वायरीत, स्टार्टरमध्ये (चालू-बंद बटणांच्या पेटीत), कंडेन्सरमध्ये. नाहीतर पलीकडे, तुम्ही स्वतः आवळून बसवलेल्या ठोकळ्यात.

हात लावण्याआधी प्लग काढा आणि ठोकळाही उतरवा. बंद पडलेल्या लेथचा धोका असा की तो केव्हा सुरू होईल याचा भरवसा नसतो. सैल झालेली वायर तुम्ही चाचपता, ती जागेवर बसते, बटण चालूच राहिलेलं असतं आणि चार किलोचा ओबडधोबड ठोकळा तोंडासमोर फिरायला लागतो.

आता आठवा, बटण दाबल्यावर ऐकू काय आलं? काहीच नाही, की घुंऽऽ असा आवाज, की एमसीबी (जास्त करंट ओढला की वीज तोडणारा बोर्डावरचा स्विच) पडला? या तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत. इथे गल्लत झाली की नुसते पैसे जातात.

काहीच आवाज नसेल तर वीज मोटरपर्यंत पोचत नाही असं धरा. इथे टेस्टर माणसाला फार फसवतो. सॉकेटमध्ये टेस्टर पेटला म्हणजे फेज आहे, एवढंच. न्यूट्रल तुटलेला असला तरी टेस्टर पेटतो. त्याच लायनीवर एखादा दिवा चालू असेल तर दोन्ही भोकांत पेटतो आणि आपण म्हणतो, “लाइट तर आहे!” म्हणून होल्डरला दोन वायरी जोडलेला दिवा जवळ ठेवा, वायरमन ठेवतो तसा. फेज-न्यूट्रलमध्ये तो झगझगीत पेटला तरच वीज आहे.

वीज आहे, तरी लेथ गप्प? मग स्टार्टर बघा. लाल बटण आत अडकलंय का? ओव्हरलोड रिले, म्हणजे मोटरवर जास्त भार आला की वीज तोडणारा भाग, पडलाय का? तो पडला असेल तर गार होऊ द्या, मग रिसेट दाबा. पण तो का पडला हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. हिरवं बटण दाबून ठेवलं की लेथ चालतो आणि सोडलं की थांबतो, असं होत असेल तर स्टार्टरची धरून ठेवणारी पत्ती मिळत नाहीये, किंवा व्होल्टेज इतकं खाली आहे की ती पत्ती ओढून धरणारी कॉइल पकडत नाही. गेलेली वीज आल्यावर लेथ आपोआप सुरू होऊ नये म्हणूनच ती कॉइल असते. काही जण बटणाला काडी खोचून काम भागवतात. कृपा करून हे करू नका.

आता घुंऽऽ. माझा सगळ्यात आवडता दोष, कारण यात मोटर निम्मं उत्तर स्वतःच देते. वीज आली, मुख्य वाइंडिंग शाबूत आहे, फक्त फिरायला सुरुवात होत नाही. आधी प्लग काढून स्पिंडल, म्हणजे ठोकळा फिरवणारा दांडा, हाताने फिरवा. फिरत नसेल तर बघा, स्पिंडल लॉकची पिन आत राहिली आहे का. फिरत असेल तर आठवा, टूलरेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी) ठोकळ्याला टेकलं होतं का, टेलस्टॉक (ठोकळ्याला दुसऱ्या टोकाने दाबून धरणारा भाग) फार आवळला होता का. मग पट्टा उतरवा आणि नुसती मोटर फिरवून पाहा. बेअरिंग जाम असेल तर तिथे कळेल.

सगळं मोकळं फिरतंय, तरी घुमतंय, तर सुरुवातीची यंत्रणा बघा. आपल्या घरगुती लेथवर बहुधा सिंगल फेज मोटर असते, अर्धा ते एक एचपीची. अशा मोटरला मुख्य वाइंडिंगच्या जोरावर उभ्या जागेवरून फिरता येत नाही. म्हणून सुरुवातीचं वेगळं वाइंडिंग असतं, त्याच्या जोडीला कंडेन्सर, आणि वेग आला की या दोघांना बाजूला करणारा सेंट्रिफ्युगल स्विच. मोटरवर १४४० आरपीएम लिहिलं असेल तर साधारण हजार-अकराशेला हा स्विच उघडतो. लेथ बंद केल्यावर मोटर मंदावताना आतून ‘टक्’ असा आवाज येतो ना? तो याच स्विचचा, परत मिटतानाचा. तो टक् गेले काही दिवस ऐकू येत नव्हता का, हे आठवून बघा.

लाकूडकामात हा स्विच बिघडायचं कारण ठरलेलं आहे. जाड भुसा आत जात नाही, पॉलिशपेपरची पिठासारखी धूळ जाते. सावंतवाडीसारखी लाखेची कामं करणाऱ्यांकडे त्यात लाखेचा चुरा मिसळतो आणि घट्ट थर बसतो. पत्त्यांच्या मध्ये तो आला की स्विच मिटत नाही आणि मोटर घुमत बसते. प्लग काढून झाकण उघडा, ब्रशने साफ करा, पत्त्या बारीक पेपरने हलक्या घासा. कित्येक ‘जळलेल्या’ मोटरी एवढ्यावर सुरू होतात.

उलटंही होतं. पत्त्या चिकटतात आणि स्विच उघडतच नाही. मग मोटर सुरू होते, पण काही सेकंदांसाठी बनवलेला कंडेन्सर अखंड चालू राहतो, तापतो, फुटतो. आपण नवा घालतो, तोही फुटतो आणि आपण दुकानदाराला शिव्या देतो. दुसरा कंडेन्सर लवकर गेला की स्विच उघडून बघाच.

कंडेन्सर काढताना त्यात चार्ज उरलेला असू शकतो. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढायची पद्धत वाईट. २३० व्होल्टच्या साध्या बल्बच्या वायरी त्याच्या दोन टोकांना धरा, चार्ज शांतपणे उतरतो. नवा घेताना मायक्रोफॅरडचा आकडा जुन्यावरचाच हवा, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त. पंख्याचा अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर इथे काही कामाचा नाही, इथे आकडा शंभरच्या आसपास किंवा वर असतो.

आणि व्होल्टेज. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० ऐवजी १८४ व्होल्ट आले, म्हणजे ८० टक्के, तर जोर उरतो ६४ टक्के. त्यात आपण एक चौरस मिलिमीटरच्या वायरीचं वीस मीटर एक्स्टेन्शन वापरतो. जाऊन-येऊन चाळीस मीटर तांबं, रोध सुमारे पाऊण ओहम. सुरू होताना मोटरने तीस अँपिअर ओढले तर वीस-बावीस व्होल्ट वायरीतच संपले. संध्याकाळी घुमणारा लेथ सकाळी सुरळीत चालत असेल, तर मोटर उघडू नका, मीटरच्या क्लिपा लावून सुरू होतानाचं व्होल्टेज मोजा.

एमसीबी लगेच पडत असेल तर शॉर्ट, त्यात आपली कारागिरी चालवू नका. कोकणातल्यांसाठी एवढंच, की पावसाळाभर झाकून ठेवलेली मोटर पहिल्यांदा लावताना ईएलसीबी (वीज जमिनीकडे गळली की पडणारा स्विच) पडला तर ओल शोधा. मोटरजवळ बल्ब लावून दिवसभर ऊब द्या, मग ५०० व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग आणि मोटरच्या अंगातला रोध बघा. एक मेगओहमच्या खाली असेल तर लावायची नाही.

वेग कमी-जास्त करणाऱ्या नव्या लेथमध्ये ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा, असतो, तो दोषाचे आकडे दाखवतो, पुस्तिकेत अर्थ असतो. मात्र आधी पट्ट्याचं झाकण नीट लागलंय का, वेगाचं बटण शून्यावर आहे का आणि दिशेचा स्विच मध्येच अडकलाय का, हे बघा. ड्राइव्ह उघडायचाच असेल तर प्लग काढून दहा-पंधरा मिनिटं थांबा.

थ्री फेज मोटरवाल्यांचं वेगळं. एक फेज गेला की त्यांचीही मोटर घुमते आणि चालू ठेवली तर खरोखर जळते. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालवताना चक (स्पिंडलवरची ठोकळा पकडणारी पकड) काढूनच चालवा. दोन फेज अदलाबदल झाले असतील तर लेथ उलटा फिरेल आणि आट्यांवर बसवलेला चक स्वतःहून उघडून बाहेर येईल.